पेल्टन पॉइंटची दोनशे माणसं

जनगणनेचा आकडा आला तेव्हा अल्वेरा गिलिकिननं चष्मा पुसून तो पुन्हा वाचला. पेल्टन पॉइंट : लोकसंख्या एकशे त्रेसष्ट.

"एकशे त्रेसष्ट?" ती कागदावरच डाफरली. "एवढे तर ईस्टरला चर्चमध्ये नुसते उभे असतात!"

सत्तावीस वर्षं ती गावाची कारकून होती. सभांचं इतिवृत्त, स्मशानातल्या जागा, कुत्र्यांचे परवाने, सगळं तिच्या हातून जायचं. तीन बाजूंनी पाणी, चौथ्या बाजूला दलदल आणि त्या दलदलीतून बाहेर जाणारा एकच रस्ता, अशा गावात कोण कुठं झोपतं हे तिला ठाऊक नसेल तर कुणाला असणार? आकडा का चुकला हेही तिला लगेच कळलं. जनगणनेचे फॉर्म घरांच्या पत्त्यांवर आले होते आणि पॉइंटवर घरी टपाल कुणाचंच येत नाही. सगळ्यांच्या पेट्या पोस्टात. फॉर्म आल्या वाटेनं परत गेले. मग मे महिन्यात मोजणारे स्वतः आले, तेही भर सकाळी, अर्धं गाव खेकड्यांचे पिंजरे टाकायला पाण्यावर गेलेलं असताना. दारं वाजवून बिचारे निघून गेले.

एरवी अल्वेरा हसली असती. पण काउंटीनं, म्हणजे जिल्हा प्रशासनानं, त्याच सुमाराला नियम काढला की, दोनशेच्या खालच्या गावातलं अँब्युलन्सचं ठाणं बंद. म्हणजे गाडी येणार अडतीस मैलांवरून, आणि वाटेत तो उचलता पूल, होड्यांसाठी वर गेला की वीस मिनिटं खाली न येणारा. गावात ठाणं नव्हतं त्या काळी अल्वेराची वहिनी त्या पुलापाशी थांबलेल्या गाडीतच वारली होती. तिचा नवरा, म्हणजे अल्वेराचा थोरला भाऊ वेल्डन, त्यावर कधी बोलला नाही, पण त्या पुलावरून तो आजही जात नाही. होडीनं वळसा घालतो.

काउंटीनं हरकत घ्यायला सप्टेंबरच्या शेवटच्या शुक्रवारी दुपारी बारापर्यंत मुदत दिली. प्रत्येक माणसाचं नाव हवं, घराचा पत्ता हवा. अल्वेरानं वही उचलली आणि ती दारोदार निघाली.

"कशाला हवीत गं नावं? कर वाढवायला?" एकानं दारातूनच विचारलं.

"तुझा जीव वाचवायला, मेल्या. घरात किती जण?"

"पाच. कुत्रा धरून."

"कुत्र्याचा परवाना थकलाय, ते नंतर बघते. चार लिहिते."

चौऱ्याण्णव वर्षांच्या मिस लव्ही सॉल्टरनं तिला बसवून शिंपल्यांचं कालवण वाढलं, त्यात मक्याच्या पिठाचे गोळे, आणि म्हणाली, "माझं नाव ठळक लिही हो. हे लोक मला धरतच नाहीत."

सहा आठवड्यांनी बेरीज झाली. दोनशे एक! अल्वेरानं यादी पाठवली आणि त्या दिवशी कचेरी एक तास आधी बंद केली.

चौथ्या दिवशी काउंटीतून एका बाईचा फोन आला. आवाज गोड, बातमी कडू. "मॅडम, दोन नावं खाडीपलीकडची आहेत. गावाची हद्द खाडीच्या मध्यापर्यंत आहे. नकाशात बघा ना."

ती दोन नावं अल्वेराची आणि तिच्या शेजारच्याच घरात राहणाऱ्या वेल्डनची होती. पॉइंटवर गावाची हद्द एकच, चर्चची घंटा जिथवर ऐकू येते तिथवर गाव. खाडीपलीकडं ती खणखणीत ऐकू येते, मग कोण कशाला नकाशा बघेल? नकाशा अल्वेराच्या खुर्चीमागं टांगलेला होता. सत्तावीस वर्षं ती त्याला पाठ टेकून बसली होती. तिला इतकी लाज वाटली की तोंडावर पाणी मारून आली.

"त्यात काय एवढं!" लाकडी घरं अख्खी उचलून हलवायचा धंदा करणारा रॉस्को फुल्चर म्हणाला. "माझ्या घराचा पत्ता लिही. कोण बघायला येतंय?"

"मी बघतेय ना! या हातानं खोटं लिहिलेलं नाही मी कधी."

"मग खरंच राहायला ये. वरची खोली रिकामी आहे."

"अडुसष्टाव्या वर्षी दुसऱ्याच्या छपराखाली? नाव नको काढूस. रॉस्को, माझं घर उचल."

रॉस्कोनं टोपी मागं सारून डोकं खाजवलं. मग हळूच हसला. त्या किनाऱ्यावर घर हलवणं काही नवं नाही. अल्वेराच्या पणजोबांनी तेच घर वादळानंतर बाहेरच्या बेटावरून दोन होड्यांवर बांधून आणलं होतं. पण वेल्डन भडकला.

"आईबाप इथं पुरलेत, माझी बायको इथं आहे, आणि तू घर घेऊन चाललीस? एका आकड्यासाठी?"

"आकड्यासाठी नाही. त्या पुलासाठी."

वेल्डननं तिच्याकडं पाठ फिरवली. त्या महिन्यात तो बहिणीशी एक शब्द बोलला नाही.

घर हललं ते सप्टेंबरच्या मोठ्या भरतीला. रॉस्कोनं ते तुळयांवर चढवलं, तुळया सपाट तळाच्या बार्जवर, आणि आठ होड्यांनी बार्ज ओढली. अल्वेरा आतच बसून राहिली, लोकांनी ओरडून सांगितलं तरी. अंजिराच्या मुरांब्याची एकही बरणी फुटली नाही. मागं राहिलेल्या थडग्यांकडं मात्र तिला बघवेना. बार्ज निम्म्या खाडीत असताना ती ढसाढसा रडली, आणि पलीकडं लागायच्या आत तोंड धुऊन दारात उभी राहिली. चर्चमागच्या मोकळ्या जागेत घर टेकलं. दोनशे.

मुदतीच्या दोन दिवस आधी मिस लव्ही दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या गेली. अँब्युलन्स चार मिनिटांत आली होती, पण उशीर आधीच झाला होता.

दफन शुक्रवारी सकाळी झालं. तिथून सगळे कचेरीत आले, अंगावरचे काळे कपडे तसेच. सुधारलेली यादी न्यायला काउंटीचा माणूस बाराला तिथंच येणार होता. वेल्डनही आला आणि कोपऱ्यात भिंतीला टेकून उभा राहिला.

"दोन तासांचा प्रश्न आहे, अल्वेरा, राहू दे तिचं नाव," रॉस्को हळू आवाजात म्हणाला. "लव्हीची तरी हरकत असती का? उलट खूश झाली असती."

"झाली असती," अल्वेरा म्हणाली. "पण लव्ही आता गावात राहत नाही." पट्टी लावून तिनं ते ठळक नाव खोडलं आणि खाली आकडा लिहिला, एकशे नव्व्याण्णव. घर उपटून आणलं, आईबापांना पाठ दाखवली, आणि शेवटी हाती हेच आलं. तरी तिनं कागद पाकिटात घातला. खरा आकडा तर खरा आकडा.

वेल्डन बाहेर गेला. रागावून गेला, असंच तिला वाटलं.

अकराला चर्चमागून धपकन आवाज आला. अल्वेरा धावत गेली. तिच्या नव्या ओट्यावर वेल्डनची गादी पडली होती, तिच्यावर त्याचे गमबूट, आणि वेल्डन लोखंडी पलंग दारातून आत ढकलत होता.

"हे काय?"

"दिसत नाही? आंधळी झालीस का? ते टोक उचल."

"वेल्डन, तू तिथून हलणार नव्हतास."

तो थांबला. धाप लागली होती त्याला. "तुझे ते काउंटीवाले मेलेल्यांना मोजत नाहीत ना?"

"नाहीत."

"मग आपल्या मेलेल्यांकडं मी रोज होडीनं जाऊन येईन. माझं नाव जिवंतांत लिही."