गोजाबाईंनी थांबवलेलं लग्न

सांगोल्याजवळच्या आमच्या गावात गोजाबाईंकडे पन्नास मेंढ्या आहेत आणि एक फोन. दोन वर्षांपूर्वी माळावर वीज पडून त्यांच्या चार मेंढ्या गेल्या. तेव्हापासून हवामानाचा अंदाज बघितल्याशिवाय त्या घराबाहेर पाऊल टाकत नाहीत. शिक्षण चौथीपर्यंतचं, पण वारा किती वेगानं येणार, वीज किती किलोमीटरवर आहे, सगळं तोंडपाठ. हळूहळू गावही त्यांना विचारायला लागलं. बेदाणा वाळवणारा अजिनाथ सकाळी आधी त्यांना फोन करतो, मग चहा घेतो. हायवेच्या पुलावर क्रेन चालवणारा अक्कलकोटचा गुरप्पासुद्धा.

गेल्या एप्रिलात अजिनाथच्या लेकीचं, सुकन्याचं लग्न होतं. शाळेच्या पटांगणात मांडव, वर कडक ऊन. अक्षता वाटून झाल्या, नवरा-नवरी पाटावर उभी राहिली आणि गोजाबाईंच्या फोनवर हवामानाचा इशारा कोकलला. त्यांनी बघितलं अन् थेट भटजींच्या हातातला माईक ओढला.

"उटा समदी! अर्ध्या तासात वादळ येतंय, इजा पडणार हायत. शाळंत शिरा!"

"अवो मावशी, आभाळात ढगाचा ठिपका न्हाय," वरबाप म्हणाले. "मुहूर्त चाललाय की!"

कुणी हलेना. तेवढ्यात मुंडावळ्या सावरत नवरीच पाटावरून उतरली. "मावशी उगं वरडत न्हाईत. बाबा, आपला बेदाणा!"

मग काय विचारता! अजिनाथचं बेदाण्याचं शेड शाळेच्या भिंतीला लागूनच. पदर खोचून, फेटे काखेत मारून सगळं वऱ्हाड तिकडं धावलं. बँडवाले, आचारी, करवल्या, सगळ्यांनी मिळून ताडपत्र्या ओढल्या. वरबापांनीही एक टोक धरलं होतं. गोजाबाई एका हातानं दोरी बांधत फोनवर ओरडत होत्या, "गुरप्पा, हुकाला लटकलंय ते आदी खाली ठेव आन् तू बी खाली उतर!"

माणसं चौथीच्या वर्गात कोंबली गेली, पटांगणाच्या कडेला चरणाऱ्या गोजाबाईंच्या मेंढ्या व्हरांड्यात, आणि वारा सुटला. मांडव फुग्यासारखा वर उठला आणि लिंबाच्या झाडावर जाऊन बसला. अंतरपाटही त्याच्यासोबत गेला. शाळेच्या गुरुजींनी भिंतीवरचा महाराष्ट्राचा नकाशा काढून दिला. एक टोक भटजींनी धरलं, दुसरं धरायला उंच माणूस हवा होता. तोच भिजलेला, हेल्मेट घातलेला गुरप्पा दारात उभा.

"बंदे अव्वा, बंदे! आलो की!"

वीज कडाडली की बायका दुप्पट जोरानं "शुभमंगल सावधान" म्हणायच्या आणि हसून बाकांवर कोसळायच्या. नवऱ्याला हसू आवरेना, त्यानं हार नवरीऐवजी नकाशाला घातला.

तासाभरानं ऊन पडलं. कुणाला खरचटलंही नव्हतं, बेदाणा कोरडा होता. वरबापांनी गोजाबाईंच्या तोंडात जिलेबी कोंबली.

"मावशी, धाकट्याचं लग्न डिसेंबरात हाय. तारीख तुमीच सांगा."

"एवढ्या लांबचं मला न्हाय कळत बाबा," भरल्या तोंडानं गोजाबाई म्हणाल्या. "हळदीदिवशी इचारा!"

तिकडं व्हरांड्यात मेंढ्यांनी मोगऱ्याच्या माळा फस्त केल्या होत्या.