मंडईतल्या दीडशे प्लेटा

दिवाळी सरली की आमच्या गावची मंडई, म्हणजे जत्रा, भरायची, आणि त्या दिवशी झाडून सगळे सोयरे आमच्या गावात. आता नोकरीत मी दिवसभर दुसऱ्यांचे खर्च-विक्रीचे हिशोब करते; मध्येच आईच्या चण्याच्या तर्रीचा वास आठवतो आणि घरी पळून जावंसं वाटतं.

त्या वर्षी आईने मंडईत आलुबोंडा-तर्रीचं दुकान लावलं. तिला सिहोऱ्याच्या बसस्टँडवर कायमचं हॉटेल टाकायचं होतं. तुमसरच्या राइस मिलमध्ये हमाली करणाऱ्या बाबांना ते पटत नव्हतं.

"मंडईत लावून पाय," ते म्हणाले. "खर्च निघाला तं टाक हाटेल. नाई निघाला तं पुन्हा नाव काढू नोको."

मी बारावी कॉमर्सला, शहाणपण नुसतं उतू जात होतं. जागा, ताडपत्री, भाड्याची शेगडी-भांडी मिळून बाराशे रुपये. प्लेट वीसची, तिच्यात माल बाराचा, उरले आठ. म्हणजे दीडशे प्लेटा विकल्या की खर्च वसूल. मंडईच्या गर्दीत दीडशे म्हणजे किरकोळ!

त्या गर्दीत आमचे पाहुणे किती, हे मात्र मी धरलंच नव्हतं. मामा खाऊन गेले, आत्याचे दीर खाऊन गेले, मावशीच्या जावांना तर आईने हाका मारून बसवलं. मी डोळे वटारले की म्हणायची, "पाव्हण्याजवळून पैसे घेऊ का वं पोरी?"

"अगं, एक प्लेट फुकट गेली की बारा रुपये गेले. ते भरून काढायला दीड प्लेट जास्त विकावी लागते!"

"दीड प्लेट कोन खाते?" आई हसली.

ऊन उतरेपर्यंत वीस प्लेटा फुकट गेल्या. दीडशेऐवजी आता एकशेऐंशी विकायला हव्या होत्या आणि विकल्या होत्या एकशेसाठ. लोक पांगायला लागले. आईचं हसू मावळलं. ती उगाच कढईत झारा फिरवत बसली. मला रडू येत होतं.

तेवढ्यात बाबा आले. "किती कमी?" त्यांनी मला विचारलं.

मी फुकटच्या प्लेटांचं सगळं गणित सांगितलं. "अजून वीस," मी म्हणाले. बाबा तसेच वळून गर्दीत शिरले. मला त्यांचा भयंकर राग आला.

थोड्या वेळाने आले ते मंडईत फिरणारे मिलमधले नऊ सोबती घेऊन. बाकावर बसत आईला म्हणाले, "दोन-दोन प्लेट लाव सगळ्याइले."

खाऊन झाल्यावर सगळ्यांनी पैसे दिले. शेवटी बाबांनी विसाच्या दोन नोटा पुढे केल्या. आईने हात मागे घेतला.

"तुमच्याजवळून कायचे पैसे?"

"घे न," बाबा म्हणाले. "मले फुकट चारशीन तं हाटेल कसं टाकशीन?"