अ‍ॅश्टनसाहेब आमचे भाऊबंद

आमच्या अण्णांनी एका इंग्रज साहेबाला आमचा भाऊबंद ठरवून टाकला होता, आणि साहेबाची त्याला फारशी हरकत नव्हती. हरकत होती ती मला, कारण त्यापायी माझं लग्न मोडायला आलं होतं.

हे सी.पी. अँड बेरारच्या जमान्यातलं. आम्ही जबलपुरात घमापुरला राहायचो. अण्णा, म्हणजे माझे वडील, जंगल खात्याच्या कचेरीत हेडक्लार्क होते. घरात आई, अण्णांची थोरली बहीण म्हणजे आत्या, आणि मी. मी नुकताच बी.ए. होऊन एका हायस्कुलात इंग्रजी शिकवायला लागलो होतो. माझ्या इंग्रजीचा घरात मोठा दबदबा होता (ते तपासून पाहणारं घरात कोणी नव्हतं).

आमचं आडनाव आष्टीकर. माझ्यासाठी सराफ्यातल्या दत्तोपंत वकिलांच्या मुलीचं स्थळ आलं, तेव्हा पहिली अडचण हीच निघाली, की दत्तोपंतही आष्टीकर! गोत्र वेगळं, पत्रिका जुळलेली, मुलगी मिशनच्या शाळेतून मॅट्रिक झालेली. नाव सुमती. मुलगी बघायला गेलो तेव्हा ती माझ्याकडे पाहून गोड हसली, आणि मी जागच्या जागी विरघळलो. (ती का हसली ते घरी आल्यावर कळलं. माझ्या टोपीला मागून पतंगाचा कागद चिकटला होता. पण तोवर मी विरघळून झालो होतो.)

आत्याला मात्र हे काही पटेना. तिचं म्हणणं असं, की पोरगी आष्टीकरांची आणि येणार आष्टीकरांकडे, मग तिचं लग्न झालं हे लोकांनी ओळखायचं कशावरून? शिवाय एका गावची माणसं म्हणजे बहीणभाऊच. अण्णांनी तिला परोपरीने समजावलं. आपली आष्टी वर्ध्याकडची, त्यांची निजामाच्या मुलखातली. आष्ट्या पुष्कळ आहेत. नाव एक असलं म्हणून माणसं एक होत नाहीत. आत्या हळूहळू नरम पडत होती, आणि नेमकी तेव्हाच नागपूरच्या मामांनी संत्र्यांची करंडी पाठवली.

करंडीवर 'आष्टीकर, जंगल खातं' एवढंच लिहिलेलं. स्टेशनवरून ती आणणाऱ्या हमालाने हेडक्लार्कापेक्षा साहेब मोठा असा सरळ विचार केला आणि नाव जवळपास तेच म्हणून करंडी थेट अण्णांच्या कचेरीचे वरिष्ठ अ‍ॅश्टनसाहेब यांच्या बंगल्यावर नेऊन ठेवली. साहेबांनी निम्मी संत्री खाल्ल्यावर त्यांना शंका आली. त्यांनी अण्णांना बोलावून माफी मागितली आणि तुमचं आडनाव माझ्या नावासारखं कसं, असं विचारलं. अण्णांनी सांगितलं, आष्टी हे गाव, आणि तिथला तो आष्टीकर. साहेब खूश झाले. म्हणाले, आमचंही तसंच, अ‍ॅश्टन हेही गावच आहे.

एवढं ऐकून अण्णा जे घरी आले, ते निम्मी करंडी आणि एक अख्खा नातेवाईक घेऊनच आले.

त्यांचा सिद्धान्त तयार होता. 'टन' म्हणजे टाऊन, टाऊन म्हणजे गाव. तेव्हा आष्टीगाव म्हणजेच अ‍ॅश्टन. कोणीतरी पूर्वज भोसल्यांच्या फौजेतून निघाला असेल, कुठल्याशा गलबतावर चढला असेल, आणि थंड हवेने पुढच्या पिढ्या गोऱ्या झाल्या असतील. साहेबाचं नाक पाहा, म्हणाले, हुबेहूब आपल्या काकांचं. मी सांगायचा प्रयत्न केला की भाषा अशा चालत नाहीत. अण्णा म्हणाले, "तुला साहेबापेक्षा जास्त कळते का?"

आत्या भिंतीशी वाती वळत बसली होती. तिने वात बाजूला ठेवली.

"वासू," ती अण्णांना म्हणाली, "सातासमुद्रापलीकडचा गोरा माणूस नावावरून आपला भाऊबंद होते म्हणते तू. मग सराफ्यातले आष्टीकर काहून नाही होत?"

आईने माझ्याकडे पाहिलं, मी अण्णांकडे पाहिलं, आणि अण्णा आढ्याकडे पाहू लागले. साहेब भाऊबंद धरला तर दत्तोपंतही भाऊबंद, म्हणजे सुमती माझी बहीण. सुमतीला सून करायची तर साहेबाला नात्यातून बाहेर काढायचं. आता खरं सांगायचं तर कुठलाही बाप अशा वेळी मुलाच्या बाजूने उभा राहील. पण आमचे अण्णा पंचवीस वर्षं हेडक्लार्क होते. साहेब नात्यात लागण्याचा योग त्यांच्या नोकरीत पहिल्यांदाच येत होता. ते विचार करायला बाहेर ओट्यावर जाऊन बसले.

एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण दत्तोपंतांनी शेवटचं बोलणं करायला आम्हाला रविवारी चहाफराळाला बोलावलं होतं, आणि अण्णांनी ते कचेरीत साहेबांना सांगून टाकलं. साहेबांना आडनावांचा नाद होता. त्यांची मेमसाहेब उन्हाळ्यापुरती पचमढीला गेलेली, साहेब बंगल्यावर एकटेच कंटाळलेले. आणखी एक आष्टीकर आहेत म्हटल्यावर मीही येतो म्हणाले. अण्णांना नाही म्हणवेना. खरं म्हणजे नाही म्हणायचं त्यांच्या मनातही आलं नाही.

रविवारी दोन टांगे सराफ्याच्या तोंडाशी थांबले. पुढे गल्ली इतकी अरुंद की टांगा जाईना. अण्णा पुढे, त्यांच्यामागे खाकी हॅट घातलेले उंचेपुरे अ‍ॅश्टनसाहेब, मग आत्या, आई, आणि शेवटी मी. गल्लीतल्या सोनारांनी हातातली कामं ठेवली. कोणी म्हणे साहेब मेमसाहेबांसाठी हार घ्यायला आलेत, कोणी म्हणे झडती आहे. बघता बघता अर्धी गल्ली आमच्या मागून चालू लागली. दत्तोपंत दार उघडून बघतात तो दारात एक इंग्रज आणि त्याच्यामागे जमाव. वकील माणूस, त्यांचा चेहरा पार उतरला.

गर्दीतून कोणीतरी हाक मारली, "आष्टीकरजी, सब ठीक तो है?"

अण्णा, दत्तोपंत, मी आणि साहेब, चौघांनीही वळून पाहिलं.

अण्णांनी ओळख करून दिली ती अशी: "हे आमच्या घरचेच."

अंगणात कडुनिंबाखाली साहेबांसाठी शेजारच्या पेढीवरून खुर्ची आणली. आम्ही सतरंजीवर बसलो. चिवडा आला, करंज्या आल्या. साहेबांची हिंदी जंगलातली होती, म्हणजे 'हाथी लाओ' आणि 'आग बुझाओ' यांच्या मध्ये जे काही बसेल तेवढीच. अण्णांचं इंग्रजी कचेरीतल्या फायलींपुरतं, आणि दत्तोपंतांची सगळी वकिली हिंदीतून. तेव्हा दुभाष्या म्हणून मला पुढे केलं. मीही ऐटीत सरसावून बसलो. स्वयंपाकघराच्या दारामागे बांगड्या वाजल्या होत्या, आणि कोण ऐकतंय ते मला ठाऊक होतं.

आत्याने पहिलाच प्रश्न टाकला. साहेबाच्या गावाच्या नावाचा अर्थ काय?

साहेब आनंदाने सांगू लागले. जुन्या इंग्रजीत टन म्हणजे वस्ती, आणि अ‍ॅश म्हणजे अ‍ॅश. मी मान डोलावली आणि खणखणीत आवाजात भाषांतर केलं, "राखेचं गाव."

आत्याच्या हातातली करंजी तशीच राहिली. "म्हणजे मसणवटच की," ती म्हणाली.

अण्णांनी घाईघाईने सांगितलं की राख म्हणजे भस्म, शंकराची विभूती, नर्मदाकाठच्या माणसाला यात वावगं काय आहे. पण मसणवटीचे भाऊबंद असलेल्या घरात मुलगी द्यावी का, हा विचार दत्तोपंतांच्या कपाळावर मला साफ वाचता येत होता. प्रकरण सावरावं म्हणून मी साहेबांना विचारलं, की तुमच्याकडे अ‍ॅश पवित्र मानतात का. साहेब जरा गोंधळले. म्हणाले, पूर्वी मानत असतील, आता तिची चाकं आणि कुदळीचे दांडे करतात.

"साहेब म्हणतात," मी सांगितलं, "राखेची चाकं करतात. आणि दांडे."

"राखेचे दांडे?" दत्तोपंतांनी विचारलं. त्यांनी उलटतपासणीचा सूर लावला होता.

मी पुन्हा साहेबांकडे वळलो. साहेब म्हणाले, फार चिवट असते, घाव घातला तरी लवकर तुटत नाही. थंडीत मात्र तिची पानं झडतात. हे मी जसंच्या तसं सांगून टाकलं, आणि सांगता सांगताच माझ्या लक्षात यायला लागलं की आपलं काहीतरी चुकून राहिलं आहे. राखेला पानं कुठून येणार?

दारामागे कोणीतरी तोंडात पदर कोंबून हसत होतं. मग तिथूनच आवाज आला, "बाबा, अ‍ॅश नावाचं तिकडे झाड असतं. राख नाही. झाडाचं गाव म्हणून राहिले ते."

मी जमिनीत गेलो असतो तर बरं झालं असतं, पण अंगण फरसबंदी होतं. कोणीतरी झाड ओळखलं हे साहेबांना कळलं, तसे ते खुर्चीवरून उठलेच. कडुनिंबाची एक डहाळी वाकवून म्हणाले, पानं थेट अशीच, देठाच्या दोन्ही बाजूंनी. जबलपूरला आल्यावर पहिल्या दिवशी कडुनिंब पाहून मला घरचीच आठवण झाली होती. ते बोलत राहिले. मी भाषांतराला तोंड उघडलं, तेवढ्यात आत्याने हात वर केला.

"तू नको. ती सांगन."

अशा रीतीने सुमती बाहेर आली, दाराला टेकून उभी राहिली, आणि बी.ए. झालेला इंग्रजीचा मास्तर हातात चिवड्याची बशी धरून ऐकत बसला.

साहेब सांगत गेले आणि ती सोप्या शब्दांत सांगत गेली. त्यांच्या देशात अशी झाडं जागोजाग, म्हणून अ‍ॅश्टन नावाची गावंही जागोजाग. माणूस गावातच राहिला तर त्याला गावाचं नाव कोण देईल? तो गाव सोडून परक्या ठिकाणी गेला, की तिथले लोक त्याला अमक्या गावचा म्हणून ओळखू लागायचे. तेच पुढे आडनाव झालं. एका गावचे अ‍ॅश्टन दुसऱ्या गावच्या अ‍ॅश्टनांचे कोणी लागत नाहीत. लँकेशायर म्हणून मुलूख आहे, तिथे तर बाजारात अ‍ॅश्टन म्हणून हाक मारली तर निम्मा बाजार वळून बघेल. बाकीचे कापडगिरण्यांच्या मागे, कोणी कॅनडात, कोणी ऑस्ट्रेलियात पांगले. त्यातले बहुतेक साहेबांचे कोणीही नाहीत. जे खरोखरचे नातेवाईक आहेत, त्यांच्यापासून लांब राहावं म्हणून तर ते हिंदुस्थानात आले.

मी अण्णांकडे पाहिलं. माझं लग्न जुळत होतं आणि त्यांचा भाऊबंद हातचा जात होता. ते मान खाली घालून चिवड्यातले शेंगदाणे एकीकडे करत होते. मला पहिल्यांदाच त्यांचं वाईट वाटलं. साहेबांनाही काही जाणवलं असावं. ते अण्णांकडे वळून म्हणाले, पण आष्टीकर, तुम्हीही गाव सोडून इथे आलात आणि मीही, तेव्हा तसं पाहिलं तर आपल्या दोघांचं नाव एकच. हे मात्र भाषांतराशिवाय अण्णांना कळलं. त्यांची मान वर आली, ती पुढे कित्येक दिवस खाली गेली नाही.

आत्याचा मूळ मुद्दा अजून शिल्लक होता. तिने सुमतीलाच सांगितलं, विचार त्यांना, की एका नावाच्या दोघांनी लग्न केलं तर तिकडे चालते का?

सुमतीने विचारलं. विचारताना ती माझ्याकडे बघत नव्हती. साहेब मोठ्याने हसले आणि म्हणाले, माझी बायको माहेरचीही अ‍ॅश्टनच, दुसऱ्या अ‍ॅश्टनची. लग्नात तिच्या ट्रंकेवरचं नावसुद्धा बदलावं लागलं नाही.

सुमतीने हे सगळं सांगितलं. मग जराशी थांबली आणि म्हणाली, "आणि त्यांचं फार छान चाललंय म्हणतात."

साहेब असं काहीही म्हणाले नव्हते. माझं इंग्रजी कितीही कच्चं असलं तरी एवढं मला कळत होतं.

"ट्रंकेवरचं नाव बदलाव लागलं नाही?" आत्याने पुन्हा विचारून घेतलं. मग ती अण्णांना म्हणाली, "भांड्यांवरची नावंही नाही बदलाव लागणार. चलो, मुहूर्त पाहा."

लग्नाला साहेब आले, मेमसाहेबही आल्या. अण्णांनी त्यांना नवरदेवाच्या भाऊबंदांत बसवलं.

लग्नानंतर सुमती घरीच मुलींना इंग्रजी शिकवू लागली. एकदा सिहोऱ्याहून एक गृहस्थ मुलीला घेऊन आमच्या दाराशी आले आणि इंग्रजीवाले आष्टीकर इथेच राहतात का म्हणून विचारू लागले. मी कोट घातला, टोपी ठीक केली, पुढे होऊन म्हणालो, मीच तो. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत नीट न्याहाळलं आणि अतिशय अदबीने हात जोडले.

"आप बैठिए मास्टरजी, तकलीफ न कीजिए," ते म्हणाले. "हमें तो जिनको सचमुच आती है, उनसे मिलना है."