मधली सात वर्षं

मनीषा गेल्याचा फोन आला तेव्हा मी कॉलेजात मुलांना नोकरीचा अर्ज कसा लिहायचा ते शिकवत होतो. येरमाळ्याच्या एका दवाखान्यात, औषधांच्या काउंटरवर उभ्या उभ्याच ती कोसळली. मेंदूत रक्तस्राव झाला म्हणे. माझी मावसबहीण, अवघी सदतीस वर्षांची. महिना उलटून गेला, पण अजून कुणाचा बायोडाटा हातात घेतला की नजर आधी तारखांवर जाते... मग पुढचं काही वाचवत नाही.

फार्मसीची पदविका घेऊन ती सोलापुरात नोकरीला लागली होती. चौथ्या वर्षी तिच्या वडिलांना, माझ्या काकांना, अर्धांगवायू झाला; ती त्यांना अण्णा म्हणायची. ती ईटला, आपल्या गावी परतली. "महिनाभराची रजा टाकलीय दादा," असं म्हणाली होती. ती रजा सात वर्षं चालली. काका गेल्यावर पुन्हा नोकरी शोधायची म्हणून ती माझ्याकडे धाराशिवला आली, हातानं लिहिलेला कागद घेऊन. मधल्या वर्षांपुढं तिनं लिहिलं होतं, 'वडील अंथरुणावर होते. त्यांचं सगळं मी केलं. सात वर्षांत पाठीला एक जखम होऊ दिली नाही.'

मी हसलो. "असलं लिहीत नसतात गं. मधी खंड दिसला की कागद बाजूला ठेवतात." आणि त्या तीन ओळी खोडून मी टाईप केलं, 'स्वतःचं औषध दुकान, ईट'. ती स्क्रीनकडं वाकली. "दादा, पण दुकान न्हाय की आपलं," एवढंच म्हणाली. मी प्रिंट काढून तिच्या हातात दिली.

धाराशिवच्याच एका दवाखान्यातल्या मुलाखतीत त्यांनी दुकानाच्या परवान्याचा नंबर विचारला. मनीषानं खरं ते सांगून टाकलं. "खोटं लिहिणाऱ्या माणसाच्या हाती औषधं कशी द्यायची?" असं विचारून त्यांनी तिला उठवलं. ते काही चुकलं नव्हतं त्यांचं. संध्याकाळी घरी आली, चहा घेतला, माझ्या मुलीची वेणी घातली. मला एका शब्दानं बोलली नाही. कागद दादानं लिहून दिला, हे तिथंही सांगितलं नव्हतं तिनं. फक्त ईटच्या गाडीत बसताना म्हणाली, "अण्णाची सात वर्षं मीच पुसली, असं वाटलं बघा."

त्या सात वर्षांत मी ईटला किती वेळा गेलो होतो? दोनदा. दोन्ही वेळा दारातूनच "काका, बरं हाय का?" विचारून परतलो होतो. ती वर्षं कागदावर नको होती ती मनीषाला नाही, मला... हे कळायला तिला जावं लागलं.

पुढं दीड वर्ष तिनं कुठंच अर्ज केला नाही, घरीच होती. मग स्वतःच्या अक्षरातला तोच पहिला मजकूर घेऊन येरमाळ्याला गेली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तो दोनदा वाचला आणि विचारलं, "उद्यापासून येताय?" दहा महिने ती रोज बसनं येरमाळ्याला जात-येत राहिली. माझ्या हातून गेलेलं ते दीड वर्ष तिच्या एवढ्याशा आयुष्यातून वजा होतं, आणि ते मला कुठंच भरून काढता येत नाही.

तेराव्यानंतर दुपारी मी मनीषाच्या खोलीत गेलो. तिची कॉट खोलीच्या अगदी मधोमध होती, चारी भिंतींपासून सुटी. मी विचारलं तसं मावशी म्हणाली, "दोन्ही अंगानं हात पोचावा म्हणून तिनं अण्णासाठी मधी वढली व्हती. ते गेल्यावर ती त्यावरच निजायची. म्या म्हणलं, आता तरी भिताडाला लाव. तर म्हणायची, ऱ्हाऊ दे आई, कुणाला कधी लागंल."

मी कॉटच्या एका अंगाला उभा राहिलो. पलीकडच्या अंगाला, भिंत आणि कॉट यांच्या मधे, काकांचं करताना मनीषा उभी राहत असेल ती, एका माणसापुरती जागा होती. मावशी बाहेर जाताना त्या जागेतून गेली नाही... आणि मलाही तिकडं पाऊल टाकवलं नाही.