वरून एक देवाचा

दिगंबर गेल्याचा फोन आला तेव्हा मी धुळ्यात अंगणात सायकल उलटी करून बसलो होतो. फोनवर त्याचा पुतण्या होता. म्हणाला, "काका शेवटपर्यंत देवाचं नाव घेत होते. 'देवाचा... देवाचा...' एवढंच. पुण्यवान माणूस." माझ्या हातातला पाना खाली पडला. दिगंबरने उभ्या आयुष्यात देवापुढे उदबत्ती लावली नव्हती. तो काय म्हणत होता ते जगात एकट्या मला कळलं होतं, आणि त्याचीच मला भीती वाटली. महिना होत आला, ती भीती काही गेलेली नाही.

आम्ही दोघं धुळ्याच्या आयटीआयचे. तो पाचोऱ्याकडचा, मी पारोळ्याचा. माझे वडील बाजारात मापाडी होते. धान्याचं माप भरलं की वर एक मूठ टाकायचे आणि म्हणायचे, "ही देवाची." घेणारा खूश व्हायचा, देणारा कुरकुरत नसे. ती सवय मी वर्कशॉपमध्ये आणली. नट आवळून झाला की पान्याला आणखी एक झटका द्यायचा, वरून एक देवाचा! पुढे एसटीच्या डेपोत जन्मभर मी चाकांचे नट असेच आवळले आणि त्याची फुशारकीही मारली. दिगंबर हाताने नाजूक, त्याचे नट ढिले राहायचे, सर त्याला ओरडायचे. मग मीच त्याचा हात धरून त्याला तो झटका शिकवला. पोरगा इतका तयार झाला की नंतर झोपेतही त्याचा हात तसाच फिरला असता.

त्याला मुंबईत विमानांच्या दुरुस्तीत नोकरी लागली. सुट्टीत आला की मी चिडवायचो, "काय रे, विमानाचं दार म्हणजे काय खोलीचं दार? बिजागरीला तेल घातलं की झालं!" तो हसायचा नाही, समजावून सांगायचा. त्या बिजागरीच्या खोबणीत माणसाचा हात जात नाही, म्हणून वाकड्या मानेचा खास टॉर्क पाना असतो. पुस्तकात दिलेला आकडा त्यावर लावायचा, तेवढा जोर झाला की पाना 'टक' करतो. तिथे थांबायचं. जास्त ओढलं तर बोल्ट आतल्या आत ताणला जातो आणि वरून काहीच दिसत नाही. "मग तुटतो कधी?" मी विचारलं. "त्याच्या मनात येईल तेव्हा," तो म्हणाला.

काही वर्षांनी चांगली चाललेली नोकरी सोडून तो अचानक जळगावला आला. औद्योगिक वसाहतीत एक गाळा घेऊन टॉर्क पाने तपासून द्यायचं काम सुरू केलं. कुठकुठून पाने यायचे. पान्याचा 'टक' आकड्यावर बरोबर येतो का हे तो दहा-दहा वेळा बघायचा, गिऱ्हाईक कंटाळून जायचं. कुठे विमान पडल्याची बातमी आली की त्याचा मला फोन ठरलेला. "दारनं काही लिखेल शे का रे?" बातमीत दाराबद्दल काही लिहिलंय का, हेच दरवेळी. मी म्हणायचो, "अरे, तुला काय करायचंय? गावात बस पडली तर विचारत नाहीस कधी!" गाळ्यावरून विमान गेलं तर तो बोलता बोलता थांबायचा आणि आवाज पूर्ण विरेपर्यंत मान खाली घालून बसायचा. जुन्या नोकरीची ओढ, असं मला वाटायचं. काय अक्कल माझी!

जाण्याआधी पंधरा दिवस मी त्याला दवाखान्यात भेटलो, तेव्हा त्याने सांगितलं. एका दुपारी प्रवासी ताटकळले होते, साहेब घाई करत होते. दाराच्या वरच्या बिजागरीचा शेवटचा बोल्ट. पान्याचा 'टक' झाला... "आन् मन्हा हात थांबनाच नही रे." वरून एक गेला. नवा बोल्ट घालायचा तर तीन तास मोडणार होते. तो गप्प राहिला, सही केली, विमान उडालं. शेपटावरची अक्षरं लक्षात ठेवून तो त्या विमानाचा माग काढत राहिला. पुढे ते परदेशात कुणाला तरी विकलं गेलं आणि माग तुटला. मी म्हटलं, "वेड्या, आता त्याचं भंगार झालं असेल." तो म्हणाला, "भंगार व्हयनं का पडनं, कोन सांगी तुले?" मग बराच वेळ माझ्या उजव्या हाताकडे बघत राहिला. हे तू शिकवलंस, असं एकदाही म्हणाला नाही. म्हणाला असता तर बरं झालं असतं.

परवा जळगावला गेलो. दिगंबरच्या बायकोने, वहिनींनी, गाळा उघडून दाखवला. भिंतीवर त्याचा नवा फोटो, त्याखाली नातेवाइकांनी लिहून आणलेली पाटी, 'नामस्मरण करत देह ठेवला.' वहिनी म्हणाल्या, "कोनता देव व्हता तो, भाऊ? जलमभर त एक दिवा लाया नही त्यासनी." खोटं बोलणं सोपं होतं. पण गप्प राहून त्याचं काय झालं ते मी पाहिलं होतं. मी सगळं सांगितलं, माझी देवाची मूठसुद्धा. वाटलं, आता ही बाई मला घालवून देणार.

त्या रागावल्या नाहीत. स्टुलावर बसल्या, फोटोखालची ती पाटी काढून मांडीवर पालथी ठेवली. तेवढ्यात बाहेर, विमानतळाच्या बाजूने, घरघर सुरू झाली. वहिनींनी मान खाली घातली. आवाज विरल्यावर त्यांनी विचारलं, "मंग ते इमान आते कोठे शे, भाऊ?"