लोखंडी चोचीची कोंबडी

२००५च्या सुमारास आम्ही इंग्लंडमध्ये रीडिंगला राहायचो. बायकोची नोकरी सोमवारी सुरू होणार होती. लेकीची शाळा सव्वातीनला सुटायची आणि आम्ही दोघं सहाला घरी पोचणार. रोजचे पावणेतीन तास, आठवड्याचे पावणेचौदा. पाच वर्षांच्या पोरीने ते कुणाकडे काढायचे?

गावच्या कौन्सिलच्या यादीत आमच्या जवळच्या दोनच चाइल्डमाइंडर, म्हणजे स्वतःच्या घरी मुलं सांभाळणाऱ्या बाया, होत्या. त्यातली एक शेजारच्या हाँगकाँगच्या बाईंची धाकटी बहीण. म्हणून मी कुंपणावरून बाईंनाच विचारलं.

"माझी बहीण? लोखंडी चोचीची कोंबडी!" त्या हसत म्हणाल्या. टोचून बोलणाऱ्या बाईला कँटनीजमध्ये असं म्हणतात म्हणे. "शिवाय चहापेक्षा थुंकी जास्त." म्हणजे चहा राहतो बाजूला, तोंड काही थांबत नाही.

"आणि दुसऱ्या बाई?"

"त्या चांगल्या. फार चांगल्या."

मी कागदावर दोन रकाने पाडले. बहिणीला दोन उणे, दुसरीला एक अधिक. निर्णय सरळ होता.

पहिल्या शुक्रवारी लेक म्हणाली, "बाबा, तिथे कोणी बोलतच नाही. मी टीव्ही बघते, बस." दुसऱ्या आठवड्यात ती घरीही गप्प राहू लागली.

मी कागद पुन्हा तपासला. चूक सापडेना.

"अरे, सख्खी बहीण आहे ती त्यांची," बायको म्हणाली. "घरच्या माणसाची स्तुती करतं का कोणी? परवा पाहुण्यांपुढे तू लेकीला एक नंबरची आळशी म्हणालास. आहे ती आळशी?"

"नाही. पण मग दुसरी फार चांगली, त्याचं काय?"

"परक्या बाईबद्दल आणखी काय म्हणणार त्या?"

म्हणजे उण्याचं अधिक करायचं, की दोन्ही खोडायचं? मी शेजारणीला पुन्हा गाठलं. "सांगितलं ना, कोंबडी आहे ती," त्या म्हणाल्या आणि न मागता बहिणीचा फोन नंबर लिहून दिला. ही शिफारस की इशारा, मला उमगेना.

शनिवारी लेकीला घेऊन बहिणीकडे गेलो. दार उघडताच त्या कडाडल्या, "ताई सांगून दोन आठवडे झाले, कुठे होतात? आणि या पावसात पोरीला टोपी नाही? कसले वडील तुम्ही!"

"तुमच्याकडे जागा आहे का, एवढंच..."

त्या ऐकतच नव्हत्या. लेकीला आत नेऊन तिचे ओले मोजे काढत होत्या, आणि लेक शाळेतलं काहीतरी सांगत सुटली होती, मध्ये श्वासही न घेता.

जागेचं मला कोणीच काही सांगितलं नव्हतं. मी नाव नोंदवायचा फॉर्म धरून दारातच उभा राहिलो.