चालत्या मशीनवरचं नाणं

मिस्त्रींना सगळी बोटं होती. लाकडाच्या कारखान्यात उभा जन्म काढलेल्या माणसाच्या बाबतीत ही सांगण्यासारखी गोष्ट असते. त्यांच्या बरोबरीच्या कुणाचं करंगळीचं पेर गेलं होतं, कुणाचा अंगठा अर्ध्यावर थांबला होता. मुलगा बघायला गेलेल्या सासऱ्यांनी आधी त्यांचे हात बघितले, मग चेहरा. घरी येऊन बायकोला म्हणाले, "पोरगा सावध आहे." एवढ्यावर लग्न ठरलं, आणि नवरीला सगळे मिस्त्रीणबाई म्हणायला लागले.

कारखान्यातली मोठी टेबल सॉ मिस्त्रींच्या ताब्यात असायची. लोखंडी टेबल, त्याच्या पोटातून वर डोकावणारी गोल करवत, बाजूला फळी टेकवून सरकवायची सरळ पट्टी, जिला सगळे फेन्स म्हणत. त्या फेन्सला फळी टेकवून मिस्त्री पुढे ढकलायचे तेव्हा ते ढकलताहेत असं वाटायचंच नाही. फळीलाच जायची घाई आहे आणि हा माणूस तिला नुसता दारापर्यंत सोडायला आलाय, असं वाटायचं. मग कारखाना बंद झाला. ते धूड कुणीतरी भंगारात नेलं, आणि मिस्त्री घरी येऊन बसले.

घरी बसलेला माणूस हळूहळू घरातल्या वस्तूंसारखा होतो. आधी त्याची ठेच लागते, मग तो दिसेनासा होतो. मिस्त्री सकाळी वर्तमानपत्र वाचायचे आणि दुपारी तेच पुन्हा वाचायचे, जणू दरम्यान बातमी बदलली असेल. अशात एक कपाटवाला भेटला, जुना ओळखीचा. स्वयंपाकघराची कपाटं बनवून विकायचा. म्हणाला, माझी पोरं ड्रॉवरच्या पट्ट्या वाकड्या कापतात, तुमच्या घरी छोटी मशीन असेल तर कापायचं काम तुम्हालाच देतो. त्या दिवशी मिस्त्री घरी आले ते चप्पल न काढता थेट मागच्या खोलीत गेले.

ती खोली मुलीची होती. मुलगी लग्न होऊन गेल्यापासून तिथे गाद्या रचलेल्या होत्या. मिस्त्रींनी गाद्या हलवल्या आणि खडूनं जमिनीवर चौकोन काढला. इथे मशीन. या खिडकीकडून फळी आत, त्या दारातून बाहेर. लांब फळी असली तर दारातून निघून पुढे स्वयंपाकघरात.

"म्हणजे एक दिवस माझ्या कुकरवर येऊन आदळणार," मिस्त्रीणबाई म्हणाल्या.

"तू जरा बाजूला होशील की."

त्या हसल्या. पण खडूच्या रेषा त्यांनी बघितल्या होत्या. मिस्त्रींच्या हातची रेषा कशी असते ते त्यांना ठाऊक होतं, दोरी ओढल्यासारखी. ही रेषा बारीक बारीक दचकत गेली होती.

उजवा हात थरथरायला लागून बरेच दिवस झाले होते. आधी मिस्त्रीणबाईंना कपबशीच्या आवाजावरून कळलं. त्यांनी गाजावाजा न करता बशी देणं बंद केलं आणि कप काठोकाठ भरणं सोडलं. शर्टाचं वरचं बटण अडलं की त्या काही न बोलता पुढे होऊन लावायच्या. कुलपात किल्ली चाचपडायला लागली की म्हणायच्या, "थांबा, मलाच उघडू द्या, ते कुलूप माझं ऐकतं." मिस्त्री बाजूला व्हायचे. दोघांत त्यावर शब्द निघाला नव्हता. बोललं की ती गोष्ट घरात राहायला येईल, असं मिस्त्रीणबाईंना वाटायचं. आणि मिस्त्रींनाही कळलंय, तेही झाकून ठेवताहेत, हे त्या धरून चालल्या होत्या. इतकी वर्षं एका छताखाली काढल्यावर माणूस अशा बऱ्याच गोष्टी धरून चालतो.

आता मात्र करवतीचा प्रश्न होता. मशीन आली तर तो हात पात्याजवळ जाणार. नाही आली तर मिस्त्री पुन्हा वर्तमानपत्राकडे. या दोन्हींतल्या कशासाठी मनात हात जोडावेत ते मिस्त्रीणबाईंना ठरवता येईना.

मशीन बघायला मिस्त्री त्यांच्या मेहुण्याला, म्हणजे मिस्त्रीणबाईंच्या भावाला, घेऊन जायचे. मेहुणा शाळेच्या पोरांची व्हॅन चालवायचा आणि मधल्या वेळेत रिकामा असायचा. पहिल्या दुकानातून दोघे परतले ते हात हलवत. दुसऱ्यातूनही. तिसऱ्यातून आले तेव्हा मेहुणा वैतागला होता.

"ताई, मुलीसाठी स्थळं बघताना भाऊजींनी एवढी नाकं मुरडली नव्हती," तो म्हणाला. "नाणं पडलं की मशीन नापास."

नाण्याची ही रीत कारखान्यातली होती. मशीनचं बेअरिंग बदललं की फिटर मिस्त्रींना हाक मारायचा. मिस्त्री खिशातून एक जुनं, जाड काठाचं नाणं काढायचे आणि मशीन सुरू असताना टेबलाच्या कोपऱ्यावर ते काठावर उभं करायचे. उभं राहिलं तर मशीन ठीक. पडलं तर फिटरनं पुन्हा पाना उचलायचा. चालत्या मशीनवरच ठेवायचं, हा नियम. बंद मशीनवर नाणं उभं करणं म्हणजे झोपलेल्या माणसाला शांत स्वभावाचा म्हणण्यासारखं, असं ते म्हणायचे. त्या नाण्यापुढे फिटरचं काही चालत नसे.

"आजकालचा माल सगळा पत्र्याचा," मिस्त्री चप्पल काढत म्हणाले. "वजनच नाही अंगात. सुरू केली की थरथर कापते."

"तिन्ही कापतात?" मेहुण्यानं विचारलं. "भाऊजी, एक म्हण आहे बघा. नाचता येईना..."

तो गंमत करत होता. त्याला काहीच ठाऊक नव्हतं. पण मिस्त्रीणबाईंच्या हातातलं झाकण ओट्यावर पडलं, आणि त्या इतक्या जोरात "चहा घेणार का?" म्हणाल्या की मेहुणा गप्प झाला. मिस्त्री हसत होते. "अंगण वाकडंच आहे लेका," ते म्हणाले. "मी मोजून आलोय."

चौथ्या खेपेला मेहुण्यानं व्हॅनचं निमित्त काढलं, म्हणून मिस्त्रीणबाई गेल्या. दुकान लहान होतं, वडिलांच्या मागे मुलगी चालवत होती. तिनं कोपऱ्यातली मशीन पुढे ओढली. पाय दुमडणारी, खाली दोन चाकं, टेबल मात्र चांगलं भरीव. मिस्त्रींनी तिच्याभोवती एक फेरी मारली. फेन्स सरकवून बघितली. ती पुढून आणि मागून दोन्हीकडे घट्ट बसत होती. गुण्या लावून पात्याचा काटकोन बघितला. पातं हातानं फिरवून कान खाली नेला आणि डोळे मिटले. मग मान वर करून म्हणाले, "अगं, हिला बघ. दुमडली की दाराआड जाईल."

इतक्या दिवसांत त्यांचा असा आवाज मिस्त्रीणबाईंनी ऐकला नव्हता.

मुलीनं बटण दाबलं. मशीननं एक किंकाळी फोडली आणि मग एकसुरी गुणगुणायला लागली. मिस्त्रींनी नाणं काढलं, पात्यापासून लांबच्या कोपऱ्यावर ठेवलं, बोटं सोडली. नाणं पडलं. पुन्हा ठेवलं. पडलं. मुलगी म्हणाली की काका, या मशीनची कुणाचीच तक्रार नाही. मिस्त्रींनी तिसऱ्यांदा ठेवलं, आणि नाणं बोटांतच आडवं झालं. त्यांच्या तोंडावर जे आलं ते मिस्त्रीणबाईंना बघवलं नाही. राग नव्हता तो. खेळणं दाखवून परत कपाटात ठेवल्यावर पोर जसं गप्प होतं, तसं काहीतरी.

आणि मिस्त्रीणबाईंनी त्यांच्या हातून नाणं घेतलं. विचार केला नव्हता. जसं बटण लावायचं, जशी किल्ली फिरवायची, तसा हात आपोआप पुढे गेला. त्यांनी नाणं कोपऱ्यावर ठेवलं आणि बोटं काढली.

नाणं उभं राहिलं.

पातं फिरत होतं, टेबलाखाली मोटर गुणगुणत होती, आणि नाणं भिंतीतल्या खिळ्यासारखं उभं होतं. "बघा काका, काकूंनी पास केली," मुलगी म्हणाली. मिस्त्रीणबाईंना नाण्याकडे बघवेना. मिस्त्रीही नाण्याकडे बघत नव्हते. ते बायकोच्या हाताकडे बघत होते. मग त्यांनी आपला हात वर आणला आणि त्याच्याकडे बघितलं. दुसऱ्या कुणाची वस्तू चुकून आपल्याकडे आली असावी, तसं.

"बंद करा," ते म्हणाले.

मशीन थांबली. नाणं तसंच. ते त्यांनी उचललं नाही, मिस्त्रीणबाईंनी उचलून पर्समध्ये टाकलं. मग मिस्त्री मुलीला म्हणाले की बांधून द्या. आपल्याच नियमानं पास झालेली मशीन चारचौघांत नाकारायची कशी, आणि कारण काय सांगायचं?

टेम्पोत मशीन मागे होती आणि ही दोघं पुढे, ड्रायव्हरशेजारी.

"कधीपासून?" मिस्त्रींनी समोर बघत विचारलं.

"मुलीच्या लग्नाच्या आधीपासून."

"आणि बोलली नाहीस."

"तुम्ही तरी कुठे बोललात? झाकूनच ठेवत होतात ना."

"मला माहीत नव्हतं," मिस्त्री म्हणाले. "मला खरंच वाटलं, त्या मशिनीच कापताहेत."

मिस्त्रीणबाईंनी वळून त्यांच्याकडे बघितलं. खोटं नव्हतं ते. इतके दिवस त्यांनी अर्धे कप भरले, बटणं लावली, किल्ल्या हातातून घेतल्या, आणि हा माणूस समजत होता की बायको उतारवयात मायाळू झालीय. आपणच इतकं नीट झाकलं की ज्याचा हात त्यालाच दिसला नाही. त्यांच्या मनात आलं, निदान आज तरी हात आवरायचा होता. पण आज आवरून तरी काय झालं असतं?

मेहुण्यानं मशीन खोलीत आणून खडूच्या चौकोनात ठेवली. मिस्त्रींनी ती जुळवली. स्क्रू पिळताना हाताला काहीतरी धरायला असतं, तेव्हा तो तेवढा थरथरत नसे. पातं आणि फेन्स त्यांनी अशी समांतर आणली की मेहुणा म्हणाला, आता यातून केसाचेसुद्धा दोन होतील. मिस्त्री नुसते हुं म्हणाले.

मिस्त्रीणबाईंच्या आग्रहावरून डॉक्टरकडेही जाऊन झालं. डॉक्टरनं गोळ्या दिल्या आणि सरळ सांगितलं की हे थांबत नाही, फार तर सावकाश वाढतं. परतताना मिस्त्रींनी वाटेत विचारलं, "सावकाश म्हणजे कसं?"

कपाटवाल्यानं फळ्या पाठवल्या. पहिल्या सकाळी मिस्त्रींनी दार लोटून घेतलं. मिस्त्रीणबाई ओट्यापाशी उभ्या राहून ऐकत होत्या. त्यांना आवाज कळायचे. करवत रिकामी फिरते तेव्हा एक सूर असतो. लाकूड लागलं की तो खाली उतरतो, जड होतो. मशीन सुरू झाली. सूर लांबत गेला. मग एकदम खाली उतरला, काहीतरी घरघरलं, धाडकन आपटलं, आणि मशीन बंद झाली. त्या धावल्या.

मिस्त्री भिंतीला टेकून उभे होते. बोटं सगळी होती. फळी मागे उडून गाद्यांवर पडली होती, तिची कापलेली कड दातांनी तोडल्यासारखी दिसत होती. जळक्या लाकडाचा वास येत होता.

"फेन्सला टेकत नाही," ते म्हणाले. "टेकते आणि सुटते."

"राहू द्या आता."

"फळीत दोष नाही," ते म्हणाले. "फळी चांगली आहे."

पुढच्या आठवड्यात बाकीच्या फळ्या मेहुण्याच्या व्हॅनमधून परत गेल्या. मेहुण्यानं या खेपेला कसलीच थट्टा केली नाही. कपाटवाल्याला त्यानं काय सांगितलं ते बहिणीनं विचारलं नाही. खोलीत लाकडाचा एकही तुकडा उरला नाही.

तरी दुसऱ्या दिवशी, नाश्ता झाल्यावर, मिस्त्री त्या खोलीत गेले आणि दार लोटून घेतलं. मशीन सुरू झाली. मिस्त्रीणबाईंचा हात होता तिथे थांबला. सूर खाली उतरण्याची त्या वाट बघत राहिल्या. तो उतरला नाही. सरळ, रिकामा, वरच्या पट्टीत चालत राहिला, बराच वेळ, मग थांबला. मिस्त्री बाहेर आले, हात धुतले, वर्तमानपत्र घेऊन बसले. त्यानंतर ते रोजचंच झालं. त्या आत गेल्या नाहीत. तो माणूस आत काय करतो, चालत्या पात्याकडे बघत उभा राहतो की पाठ फिरवून बसतो, ते त्यांनी कधी बघितलं नाही.

एकदा खालच्या मजल्यावरची शेजारीण जिन्यात भेटली. वरून आवाज येतच होता. आवाजाबद्दल बोलेल म्हणून मिस्त्रीणबाईंनी मनातल्या मनात माफीची तयारी केली. पण बाई कौतुकानं वर बघत होती.

"मिस्त्रींचं काम जोरात दिसतंय हो," ती म्हणाली. "या वयात कमाल आहे. आमच्या न्हाणीघरासाठी एक छोटा पाट करून देतील का? घाई नाही काही."

मिस्त्रीणबाईंनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. वर करवत रिकामी फिरत होती.

"विचारते," त्या म्हणाल्या. "पण सध्या त्यांना अजिबात सवड नाही."